कुरआनातला 'इख्तिलाफ': एका शब्दाचा अर्थ कसा शोधायचा

कुरआनाच्या चौथ्या सूरेतली (अध्यायातली), म्हणजे सूरह अन-निसामधली, ८२वी आयत (वचन) पुष्कळ वादांमध्ये पुढे केली जाते. तिचा आशय असा: हे लोक कुरआनावर विचार करत नाहीत का? तो अल्लाहखेरीज आणखी कुणाकडून आलेला असता, तर त्यांना त्यात पुष्कळ 'इख्तिलाफ' आढळला असता. भाषांतरात या शब्दाच्या जागी बहुतेक वेळा 'विसंगती' किंवा 'परस्परविरोध' असं काहीतरी असतं. मग कुणी दोन आयती शेजारी मांडून म्हणतो, हा बघा विरोध. दुसरा म्हणतो, यात विरोध नाहीच. मूळ शब्द नेमकं काय सांगतो, हा प्रश्न राहूनच जातो.

अरबी येत नसली तरी हा शोध घेता येतो. वही-पेन घेऊन एक निवांत दुपार द्यायची तयारी हवी. मी ज्या क्रमाने जातो, तो इथे देतो.

आधी धातू काढा

अरबी शब्द बहुधा तीन व्यंजनांच्या धातूवर उभा असतो आणि जुने अरबी कोश धातूच्याच क्रमाने लावलेले असतात. त्यामुळे धातू सापडल्याशिवाय कोश उघडून उपयोग नाही. 'इख्तिलाफ' ज्या साच्यातला आहे, त्यात सुरुवातीला 'इ' लागतो आणि पहिल्या व्यंजनानंतर 'त' घुसतो. हा साचा आपल्या कानावरचा आहे. 'इन्तजार'मधून ते दोन काढले की आपली 'नजर' उरते. 'इज्तिमा'मधून काढले की 'जमा' दिसू लागतो. तसंच इथे ख-ल-फ उरतं.

ख-ल-फ म्हणजे मागे असणं, मागून येणं, एकाच्या जागी दुसरं येणं. मागाहून येऊन जागा चालवणारा तो खलिफा. समोरच्यापेक्षा वेगळ्या दिशेला उभं राहणं म्हणजे खिलाफ. एडवर्ड लेन यांच्या अरबी-इंग्रजी कोशात (पहिला भाग १८६३) या धातूचा पसारा पाहता येतो. कोश जुना असला तरी माझा त्याच्यावर अजून भरवसा आहे.

सातही जागा वहीत उतरवा

ही पायरी घाईत उरकू नका. 'इख्तिलाफ' हे नाम कुरआनात सात ठिकाणी येतं. लीड्स विद्यापीठात तयार झालेल्या 'कुरॅनिक अरेबिक कॉर्पस' या संकेतस्थळावर प्रत्येक शब्दाचा धातू आणि त्याच्या सगळ्या जागा दिलेल्या आहेत, त्यामुळे यादी मिनिटभरात मिळते. पण ती नुसती वाचून सोडू नका, हाताने लिहा (आधी सूरेचा आकडा, मग आयतीचा): २:१६४, ३:१९०, ४:८२, १०:६, २३:८०, ३०:२२, ४५:५. प्रत्येक आकड्यापुढे एकच गोष्ट लिहायची, इख्तिलाफ कशाचा?

२:१६४ पुढे येतं, रात्र आणि दिवस. ३:१९०, पुन्हा रात्र आणि दिवस. १०:६, २३:८०, ४५:५ इथेही तेच. सातपैकी पाच वेळा हा शब्द रात्रीमागून दिवस आणि दिवसामागून रात्र येण्यासाठी वापरलेला आहे. ३०:२२ मध्ये तो माणसांच्या भाषा आणि रंग यांच्या वेगळेपणासाठी येतो. या सहाही ठिकाणी इख्तिलाफ दोष म्हणून येत नाही. तो अल्लाहची खूण म्हणून दाखवलेला आहे. राहिली एकच जागा, ४:८२.

मी ही यादी पहिल्यांदा केली तेव्हा बराच वेळ वहीकडे पाहत बसलो होतो. उर्दूमुळे 'इख्तिलाफ' म्हणजे मतभेद, भांडण, एवढंच माझ्या डोक्यात होतं. तोच शब्द पहाट होण्यासाठीही आहे, हे ध्यानात आलं नव्हतं.

भावंडं पाहा

त्याच धातूचं विशेषण 'मुख्तलिफ'. १६:६९ मध्ये मधमाश्यांच्या पोटातून निघणारं पेय मुख्तलिफ रंगांचं आहे, म्हणजे वेगवेगळ्या छटांचा मध. ६:१४१ मध्ये शेतातल्या पिकांची चव मुख्तलिफ आहे. ५१:८ मात्र आपल्या कामाची: 'तुम्ही मुख्तलिफ बोलण्यात आहात.' इथे बोलण्याला बोलण्याचा मेळ नाही आणि हा दोष आहे. मधाच्या छटा वेगळ्या असल्या तर बिघडत नाही, बोलणं एकसारखं नसलं तर बिघडतं. शब्द तोच, चांगलं की वाईट, हे तो कशाला लावलाय त्यावर ठरतं.

शेजारचे शब्द तपासा

तर्कशास्त्रात दोन विधानं एकमेकांना खोडतात, त्याला अरबीत 'तनाकुज' म्हणतात. हे रूप कुरआनात नाही. त्याचा धातू मात्र आहे, आणि १६:९२ मध्ये तो फार सुंदर आलाय: घट्ट पीळ देऊन कातलेलं सूत पुन्हा उलगडून त्याचे तुकडे करणाऱ्या बाईसारखे होऊ नका. एकाने वळलेला पीळ दुसऱ्याने उलगडायचा, हा तनाकुज. इख्तिलाफ त्याहून रुंद आहे. तनाकुज त्याच्या पोटात बसतो, पण सगळा इख्तिलाफ म्हणजे तनाकुज नव्हे.

दुसरा शब्द आपल्या घरातला आहे. ६७:३ मध्ये म्हटलंय, रहमानच्या (अल्लाहच्या) निर्मितीत तुला 'तफावुत' दिसणार नाही. हिशेबात तफावत आली असं आपण म्हणतो, ती तफावत इथूनच आली. इथे अर्थ जुळतो, पण मराठीत आलेल्या अरबी शब्दावर डोळे झाकून विसंबू नका. मराठीत 'तकरार' म्हणजे गाऱ्हाणं; अरबीत तकरार म्हणजे पुनरावृत्ती.

आता आयतीच्या मागे-पुढे वाचा

४:८१ मध्ये पैगंबरांसमोर 'आम्ही आज्ञेत आहोत' म्हणणाऱ्या आणि बाहेर पडल्यावर रात्री वेगळंच ठरवणाऱ्या लोकांची गोष्ट आहे. म्हणजे तोंडचं एक आणि मनातलं दुसरं. लगेच पुढच्या आयतीत इख्तिलाफ येतो. हा शेजार विसरून अर्थ लावू नये.

फख्रुद्दीन राझी (मृत्यू १२१०) यांनी आपल्या भाष्यात तीन मतं नोंदवली आहेत. एक, कुरआनाने या लोकांची गुपितं सांगितली ती वस्तुस्थितीशी जुळली; तो दुसऱ्या कुणाचा असता तर जुळली नसती. दोन, ग्रंथात परस्परविरोध नाही. बहुतेक धर्मचिंतकांचं मत हे. तीन, भाषेची पातळी सगळीकडे सारखी आहे, कुठे उंच कुठे पडलेली असं नाही. मला पहिलं मत जवळचं वाटतं, कारण ते ४:८१ ला धरून चालतं. श्रद्धेचा प्रश्न ज्याने त्याने ठरवावा. शब्दाचा अर्थ ठरवताना ही तिन्ही मतं समोर असावीत.

आयतीतल्या 'विचार करणं' या क्रियापदाकडेही बघा. 'तदब्बुर' हा शब्द द-ब-र धातूचा, त्याचा अर्थ पाठ, मागची बाजू. गोष्टीच्या पाठीमागे काय आहे ते पाहणं म्हणजे तदब्बुर. ख-ल-फ म्हणजेही मागे. एकाच आयतीत हे दोन शब्द आले आहेत.

आणि 'पुष्कळ' या शब्दावरून 'मग थोडी विसंगती आहे, असं कुरआनच मान्य करतो' असा निष्कर्ष काढू नका. वाक्य 'असता तर' या घाटाचं आहे. जे घडलंच नाही, ते घडलं असतं तर किती असतं, एवढंच तिथे सांगितलंय.

शेवटी मराठी शब्द निवडा

निवडलेला शब्द सातही जागी ठेवून मोठ्याने वाचा. 'रात्र-दिवसाचा विरोध' कानाला लागतो, 'मतभेद' तर तिथे बसतच नाही. एकच मराठी शब्द सगळीकडे चालवण्याचा हट्ट सोडा. माझ्या वहीत पाच ठिकाणी 'पाळीपाळीने येणं' आहे, ३०:२२ पुढे 'वेगळेपण' आहे आणि ४:८२ पुढे 'विसंगती'. त्या शब्दाखाली पेन्सिलीने लिहून ठेवलंय: आधी ८१ वाच.