कॉम्प्युटर सुरू होत नाही? फॉरमॅट मारण्याआधी या चुका टाळा

ऐन मार्चअखेरीला एका मित्राचा फोन आला. तो हिशेबनिसाचं काम करतो. कॉम्प्युटर चालू केला की काळ्या पडद्यावर ‘ऑपरेटिंग सिस्टीम नॉट फाउंड’ एवढंच दिसत होतं. माझ्याआधी त्यानं दुरुस्तीच्या दुकानात दाखवलं होतं. तिथे ‘पार्टिशन (डिस्कचा पाडलेला भाग) उडालंय’ म्हणून सगळी पार्टिशनं पुसली, एकच मोठं केलं आणि नवं विंडोज टाकून दिलं. कॉम्प्युटर सुरू झाला, पण डी ड्राइव्हवरचे दोन वर्षांचे हिशेब गेले.

माझी कळकळ इथेच आहे. पार्टिशन दिसत नाही म्हणजे माहिती पुसली गेली, असं नसतं. जुन्या एमबीआर पद्धतीत डिस्कच्या पहिल्या 512 बाइटांच्या सेक्टरमध्ये पार्टिशनांची नोंद असते, तीही अवघ्या 64 बाइटांत. सातबारा फाटला म्हणून जमीन जात नाही, तसंच हे. नव्या जीपीटी पद्धतीत तर या नोंदीची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवलेली असते. खरं नुकसान होतं ते त्यानंतर आपण डिस्कवर जे लिहितो त्यानं.

म्हणून आधी बायोस, म्हणजे विंडोजच्याही आधी उघडणारा मदरबोर्डचा सेटिंगचा पडदा, उघडा. तिथे डिस्कचं नावच दिसत नसेल तर पार्टिशनचा विचार सोडा. केबल सैल असेल, नाहीतर डिस्कच गेली असेल. जुन्या डेस्कटॉपची तारीख मागे गेली असेल तर मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपलाय. त्यानं बायोसची सेटिंग मूळपदावर येतात, डिस्कचा मोड बदलतो आणि चांगलं विंडोज उठेनासं होतं. लेगसी आणि यूईएफआय या कॉम्प्युटर सुरू करण्याच्या जुन्या-नव्या पद्धतींची अदलाबदल झाली तरी हेच होतं. मात्र नव्या लॅपटॉपवर बायोसला हात लावण्याआधी बिटलॉकरची (डिस्कवरच्या माहितीला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीची) 48 अंकी रिकव्हरी की शोधून ठेवा. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. विंडोज 11 च्या अनेक लॅपटॉपवर एन्क्रिप्शन आपोआप चालू झालेलं असतं आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो.

दुसरी चूक म्हणजे व्हिडिओत पाहिलेली कमांड तशीच मारणं. विंडोजच्या बूटरेक या दुरुस्ती साधनाची ‘फिक्सएमबीआर’ जो तो सांगतो, पण यूईएफआयवर चालणाऱ्या जीपीटी डिस्कला तिचा उपयोग नाही. तिथे बूटच्या फायली एका छोट्या फॅट32 पार्टिशनमध्ये असतात, बहुतेकदा 100 एमबीच्या. डिस्कपार्ट या विंडोजच्या पार्टिशन हाताळण्याच्या साधनात ‘लिस्ट व्हॉल्यूम’ करून ते ओळखायचं, त्याला अक्षर द्यायचं आणि ‘बीसीडीबूट’ कमांडनं फायली पुन्हा लिहायच्या. विंडोजच्या रिकव्हरी पडद्यात नेहमीचा सी ड्राइव्ह कधी डी म्हणून दिसतो, तेव्हा विंडोजचा फोल्डर नेमका कुठे आहे ते आधी बघा. आणि त्याच डिस्कपार्टमधली, डिस्कवरची सगळी पार्टिशनं उडवणारी ‘क्लीन’ कमांड कृपा करून मारू नका. ती ‘नक्की ना?’ असं विचारतही नाही.

‘फिक्सएमबीआर’ खरोखर कामी येते ती वेगळ्या ठिकाणी. लिनक्स नको म्हणून विंडोजमधूनच त्याचं पार्टिशन उडवलं की पुढच्या वेळी ‘ग्रब रेस्क्यू’ समोर येतं, कारण ग्रबच्या (लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामच्या) उरलेल्या फायली त्याच पार्टिशनमध्ये होत्या. विंडोज मात्र शाबूत असतं. डिस्क एमबीआर असेल तर ही कमांड, यूईएफआय असेल तर बायोसमध्ये ‘विंडोज बूट मॅनेजर’ पहिल्या क्रमांकावर आणायचा.

डिस्क टकटक आवाज करत असेल तर चेकडिस्क हा विंडोजचा डिस्क तपासणारा प्रोग्राम चालवू नका. मरायला टेकलेल्या डिस्कवर तो आणखी ताण टाकतो. आधी लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून (डिस्कवर न टाकता थेट चालणाऱ्या लिनक्सवरून) डीडीरेस्क्यू या प्रत काढणाऱ्या प्रोग्रामनं दुसऱ्या डिस्कवर प्रत घ्या, मग त्या प्रतीवर प्रयोग करा. ‘फॉरमॅट द डिस्क’ असा प्रश्न आला तर ‘कॅन्सल’.

हरवलेलं पार्टिशन शोधायला टेस्टडिस्क हे मोफत साधन आहे. शोध झाल्यावर ‘पी’ दाबलं की पार्टिशनमधल्या फायली दिसतात. त्या ओळखीच्या वाटल्या की आधी बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या. पार्टिशनची नोंद डिस्कवर लिहिणारं ‘राइट’ सर्वांत शेवटी, आणि तेही खात्री असेल तरच.

मित्राच्या डिस्कवर मी हेच केलं. नवं विंडोज डिस्कच्या पुढच्या भागात बसलं होतं आणि जुना डी ड्राइव्ह मागच्या भागात होता. सखोल शोधात तो सापडला, हिशेब परत आले. हे जमलं कारण ती फिरती हार्ड डिस्क होती. एसएसडी असती तर फॉरमॅट करतानाच ‘ट्रिम’नं (रिकामी झालेली जागा साफ करायला एसएसडीला सांगणाऱ्या कमांडनं) जुनी माहिती जवळपास नक्की पुसली गेली असती. पण सी ड्राइव्हच्या डेस्कटॉपवर ठेवलेली त्या महिन्याची बिलं त्याच जागी नवं विंडोज बसल्यामुळे गेली. ती त्यानं ग्राहकांकडून एकेक करून पुन्हा मागवली.