“माझ्याकडे चालतंय, त्यांच्याकडे नाही” : डेस्कटॉप सॉफ्टवेअर अडलं की मदत कशी मागायची

मागे एका ज्युनिअरचा रात्री साडेअकराला व्हॉट्सअ‍ॅप आला. मॉनिटरचा मोबाईलने काढलेला फोटो, तोही तिरका, वरून ट्यूबलाईटची चमक, एररची अर्धी विंडो फोटोच्या बाहेर आणि खाली “सर एरर येतोय प्लीज हेल्प”. आता यावर मी काय सांगू? पीसी बंद करून चालू कर?

मी वागळे इस्टेट, रबाळे, महापे, तुर्भे या ठाणे-नवी मुंबईच्या पट्ट्यातल्या छोट्या वर्कशॉप आणि गोडाऊनवाल्यांना विंडोजवरची सॉफ्टवेअर्स करून देतो. चलन, स्टॉक, वजनकाट्याची एंट्री, बारकोड प्रिंट असलं सगळं. जास्त काम सी शार्प ही भाषा आणि विनफॉर्म्स (मायक्रोसॉफ्टच्या डॉट नेटमधलं, विंडोजच्या खिडक्या-बटणं बनवायचं साधन) यात, आणि एकदोन ठिकाणी अजून व्हीबी ६ (व्हिज्युअल बेसिक, जुनी भाषा) पण आहे हो, हसू नका, १९९८ चं आहे, मायक्रोसॉफ्टने त्याच्या एडिटरचा सपोर्ट २००८ ला बंद केला तरी त्यातले प्रोग्राम विंडोज ११ वर चालतायत. तर या धंद्यात मदत मागून मागून आणि देऊन देऊन जे कळलं ते लिहितोय.

पहिली गोष्ट, एररचा फोटो नको, मजकूर पाहिजे. विंडोजचा साधा मेसेज बॉक्स समोर असताना कंट्रोल सी दाबा, सगळा मजकूर टायटलसकट कॉपी होतो, तो नोटपॅडमध्ये पेस्ट करा. दहा दहा वर्षं काम केलेल्या लोकांना हे माहीत नसतं. डॉट नेटचा मोठा एरर डायलॉग आला तर त्यात डिटेल्स बटण असतं, ते उघडून आतलं सगळं घ्या. आणि प्रोग्राम काही न बोलता गपकन बंद होत असेल तर इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्जमध्ये अ‍ॅप्लिकेशन, तिथे त्या वेळेची लाल एंट्री शोधा. डॉट नेटचा प्रोग्राम असेल तर बहुतेक १०२६ नंबरची डॉट नेट रनटाइमची एंट्री असते आणि तिच्या जोडीला १००० नंबरची अ‍ॅप्लिकेशन एरर. कस्टमरला फोनवर हे शोधायला लावणं म्हणजे संयमाची परीक्षा असते, पण दहा मिनिटं जातात आणि दोन दिवस वाचतात.

मजकूर मिळाला की आधी स्वतः वाचा. लांबलचक स्टॅक ट्रेस (एरर येईपर्यंत कोड कुठून कुठे गेला त्याची यादी) बघून घाबरायचं नाही, वरून खाली येत आपल्या स्वतःच्या कोडचं नाव पहिल्यांदा कुठे येतं ते बघायचं, आणि इनर एक्सेप्शन (एररच्या आत दडलेला मूळ एरर) असेल तर खरा रोग तिथे असतो, बाहेरचं नुसतं पांघरूण. त्या ज्युनिअरला मी एवढंच म्हटलं की मजकूर कॉपी करून पाठव, तर पाच मिनिटांत त्याचाच मेसेज, “सर, अ‍ॅक्सेस टू द पाथ इज डिनाइड लिहिलंय, मी लॉग फाईल प्रोग्राम फाइल्समध्येच लिहितोय”. संपलं. साध्या युजरला त्या फोल्डरमध्ये लिहायची परवानगी नसते, लॉग, म्हणजे प्रोग्रामची नोंदवही, अ‍ॅपडेटा या युजरच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये लिहायचा.

आता डेस्कटॉपची खरी गंमत. वेबसाईट असेल तर कोड तुमच्या सर्व्हरवर असतो, तुमच्या हातात. डेस्कटॉप प्रोग्राम मात्र दुसऱ्याच्या पीसीवर जाऊन राहतो, सासरी गेल्यासारखा, आणि तिथलं विंडोज वेगळं, ऑफिस वेगळं, प्रिंटर वेगळा, अँटीव्हायरस वेगळा, स्क्रीनचं स्केलिंग १२५ टक्के. म्हणून मदत मागताना नुसता कोड टाकून उपयोग नसतो, मशीन पण सांगावं लागतं. दोन्ही मशीन, जिथे चालतं ते आणि जिथे चालत नाही ते.

उदाहरण सांगतो. महापेच्या एका वर्कशॉपला चलनाचं सॉफ्टवेअर दिलं होतं, दोन वर्षं मस्त चाललं. त्यांनी नवीन पीसी घेतला, मी इन्स्टॉल करून आलो, सगळं ओके. आणि बरोबर १३ तारखेला सकाळी फोन, चलन सेव्ह होत नाही. एरर होता, स्ट्रिंग वॉज नॉट रेकग्नाइज्ड अ‍ॅज अ व्हॅलिड डेट-टाइम. मी घाईघाईत ऑनलाइन प्रश्न टाकला, “काल चालत होतं, आज चालत नाही, कोड बदललेला नाही”, सोबत चारशे ओळींचा अख्खा फॉर्म. कोणी हात लावला नाही. कोण लावणार, मी स्वतः पण लावला नसता.

मग संध्याकाळी बसून एक नवीन प्रोजेक्ट केलं, एक बटण, एक लेबल, त्यात १३/०३ अशी एकच तारीख पार्स करायची (मजकुरातून खरी तारीख बनवायची). माझ्याकडे चाललं, त्यांच्या पीसीवर आपटलं. दहा ओळीत काय लपणार? नवीन पीसीवर विंडोजचं रीजन (देशाची सेटिंग) युनायटेड स्टेट्स होतं, त्यामुळे तो पहिला आकडा महिना समजत होता, आणि तेरावा महिना नसतोच. पण पोटात गोळा आला तो पुढचा विचार करून, १ ते १२ तारखेपर्यंत त्याने एरर दिलाच नव्हता, गुपचूप तारीख आणि महिना उलटे सेव्ह केले होते, ५ मार्चची चलनं ३ मेला. ती सगळी हाताने सुधारली. उपाय साधा, पार्स ऐवजी पार्स एक्झॅक्ट, फॉरमॅट आपण ठरवायचा, कल्चर इनव्हेरिअंट (कुठल्याही देशाच्या सेटिंगवर न अवलंबणारं) द्यायचं, आणि डेटाबेसमध्ये तारीख स्ट्रिंग म्हणून नाही तर डेट टाइपच्या पॅरामीटरने पाठवायची. फॉरमॅटमध्ये कॅपिटल एम एम म्हणजे महिना आणि स्मॉल एम एम म्हणजे मिनिट, यात पण लोक पडतात, मी पण पडलोय.

तर प्रश्न छोटा करायचा. नवीन रिकामं प्रोजेक्ट, त्यात फक्त तेवढाच भाग जो बिघडतोय. निम्म्या वेळा छोटा करता करताच उत्तर सापडतं, आणि नाहीच सापडलं तर ज्याला विचारायचंय त्याला ते पेस्ट करून चालवून बघता येतं. चारशे ओळी कोणी चालवत नाही.

“पण माझा प्रॉब्लेम मशीनशी जोडलेला आहे, छोटा कसा करू” असं वजनकाट्यावाले हमखास म्हणतात. खरंय, तुमचा काटा उत्तर देणाऱ्याच्या टेबलावर नाहीये. मग काट्याकडून सिरीयल पोर्टवर (काट्याची वायर पीसीला लागते तिथे) जे येतं ते आधी जसंच्या तसं एका फाईलमध्ये लिहून घ्या. मी तुर्भ्याच्या एका गोडाऊनमध्ये हे केलं तेव्हा दिसलं की काटा १२.४५ पाठवतो पण माझ्याकडे कधी “१२” येतं आणि पुढच्या वेळी “.४५”, म्हणजे तुकड्यातुकड्यात, आणि मी प्रत्येक तुकड्याला अख्खं वजन समजत होतो. ओळ संपल्याची खूण येईपर्यंत जमवत राहायचं, मग वाचायचं. हे नुसत्या स्ट्रिंगवर दाखवता येतं, काटा लागतच नाही. त्याच ठिकाणी दुसरा नेहमीचा एरर, क्रॉस-थ्रेड ऑपरेशन नॉट व्हॅलिड, कारण डेटा रिसीव्ह्डचा इव्हेंट वेगळ्या थ्रेडवर (प्रोग्राममध्ये समांतर चालणाऱ्या कामावर) येतो आणि आपण तिथूनच टेक्स्टबॉक्स भरायला जातो. इन्व्होक वापरायचं, म्हणजे ते काम स्क्रीनच्या थ्रेडकडे सोपवायचं. हा एरर इतक्या लोकांना आलाय की नवीन प्रश्न टाकूच नका, सर्च करा. आणि सर्च करताना मेसेजमधून आपल्या फोल्डरचा पाथ, फाईलचं नाव काढून टाका, नाहीतर काहीच सापडत नाही.

३२ आणि ६४ बिटचा घोळ पण मशीनमधलाच. अ‍ॅक्सेसचा डेटाबेस वापरणाऱ्यांना “प्रोव्हायडर इज नॉट रजिस्टर्ड ऑन द लोकल मशीन” येतं, आणि मग ऑफिस काढ, परत टाक, परत काढ सुरू होतं. बहुतेक वेळा प्रोग्राम ६४ बिट चालत असतो आणि कस्टमरकडे ऑफिस ३२ बिट असतं. बिल्ड सेटिंगमध्ये एक्स ८६ (म्हणजे ३२ बिट) करून बघा आधी.

आता विचारायचं कोणाला. माझा पहिला सल्ला माणसाला, तोंडी. ठाण्याला ट्रान्स-हार्बरच्या गाडीत बसलो की माझा एक जुना वर्गमित्र ऐरोलीला चढतो, तो जावा या दुसऱ्या भाषेत काम करणारा, त्याला विनफॉर्म्समधलं ओ की ठो कळत नाही, पण त्याला समजावून सांगायचं म्हटलं की लॅपटॉप उघडता येत नाही, स्क्रीन दाखवता येत नाही, नुसत्या शब्दात सांगावं लागतं, आणि सांगता सांगता कोपरखैरणे येईपर्यंत माझं मलाच कळतं की मी कुठे माती खाल्ली.

मग ऑनलाइन. लायब्ररीचाच (दुसऱ्याने लिहिलेल्या तयार कोडचा) दोष वाटत असेल तर गिटहब या साईटवर तिचे इश्यूज, म्हणजे तक्रारींची यादी बघा, आधी बंद झालेले पण बघा, उत्तर तिथे पडलेलं असतं. सर्वसाधारण प्रोग्रामिंगसाठी स्टॅक ओव्हरफ्लो ही प्रश्नोत्तरांची साईट आहेच, २००८ पासूनची उत्तरं आहेत, फक्त उत्तराची तारीख बघा, जुन्या डॉट नेट फ्रेमवर्कचं उत्तर नवीन व्हर्जनला लागू पडेलच असं नाही. बारकोड प्रिंटर, काटा, डोंगल यांच्यासाठी सरळ विकणाऱ्याच्या टेक्निकल माणसाला पकडा, त्याच्याकडे एक पीडीएफ असते जी कुठेच सापडत नाही.

इंग्रजीची भीती वाटते म्हणून कितीतरी पोरं विचारतच नाहीत. अलंकारिक इंग्रजी कोणाला नकोय. आधी मराठीत लिहा, मग छोट्या छोट्या वाक्यात उतरवा. मी असं लिहितो:

“विंडोज ११, ६४ बिट, डॉट नेट फ्रेमवर्क ४.८, विनफॉर्म्स. बटण दाबल्यावर तारीख सेव्ह व्हायला पाहिजे. माझ्या पीसीवर होते. कस्टमरच्या पीसीवर खालचा एरर येतो. माझ्याकडे रीजन इंडिया आहे, त्यांच्याकडे युनायटेड स्टेट्स. दहा ओळींचा कोड खाली आहे. अ‍ॅडमिन म्हणून चालवून बघितलं, फरक नाही.”

झालं. शेवटचं वाक्य विसरू नका, काय करून बघितलं ते लिहिलं नाही तर पहिली तीन उत्तरं तीच येतात. टायटलमध्ये “अर्जंट” नको, तुमची डेडलाईन त्यांची नाहीये.

एआयला पण विचारतो मी, का नाही विचारायचं, एरर समजावून घ्यायला झकास आहे. पण कधी कधी तो अशी मेथड सांगतो जी त्या क्लासमध्ये नाहीच, आणि इतक्या ठामपणे सांगतो की आपणच स्वतःवर शंका घेतो. चालवून बघितल्याशिवाय कस्टमरकडे द्यायचं नाही. स्टॅक ओव्हरफ्लोने २०२२ च्या डिसेंबरमध्ये चॅटजीपीटीची उत्तरं टाकायला बंदी घातली ती उगाच नाही, त्यामुळे तिथे उत्तर देताना पण चिकटवू नका.

आणि कुठेही पेस्ट करायच्या आधी कनेक्शन स्ट्रिंगमधला (डेटाबेसला जोडणाऱ्या ओळीतला) पासवर्ड, पार्टीची नावं, जीएसटी नंबर काढा. अनोळखी माणूस “एनीडेस्क (लांबून पीसी चालवायचं सॉफ्टवेअर) दे, दोन मिनिटात करतो” म्हणाला तर कस्टमरच्या पीसीचा तर मुळीच द्यायचा नाही.

दोन दिवसात काहीच उत्तर आलं नाही तर तोच प्रश्न परत टाकू नका, डुप्लिकेट म्हणून बंद होईल. जुनाच एडिट करा, मधल्या काळात जे नवीन कळलं ते घाला, स्टॅक ओव्हरफ्लोवर एडिट केलं की प्रश्न परत वर येतो. आणि स्वतःलाच उत्तर सापडलं तर खाली लिहून ठेवा, “सुटलं” एवढंच नको, काय केल्यावर सुटलं ते. माझ्या तारखेच्या प्रश्नाखाली मी लिहून ठेवलं होतं, आणि सहा महिन्यांनी दुसऱ्या कस्टमरकडे तसंच झाल्यावर सर्चमध्ये पहिलं उत्तर आलं ते माझंच, मी पार विसरून गेलो होतो.