मासा काठाशी, गळ मध्यात: बास आणि ब्लूगिल गरवताना या चुका टाळा

मे महिना लागला की ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतोच. "तीन तास उभे होतो रे तळ्यावर. एक मासा लागेल तर शपथ! काय चुकतंय?" मी म्हणतो, सामानाचा फोटो पाठव. फोटोत हमखास सात फुटी जाड रॉड असतो, वीस पाउंडी तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) असतो आणि टोकाला तळहाताएवढा चकचकीत नकली मासा. ज्या तळ्यावर हे चाललेलं असतं, तिथल्या बहुतेक माशांच्या तोंडात करंगळीचं टोकही मावत नाही.

मी न्यू जर्सीत राहतो आणि इथल्या तळ्यांवर, डेलावेअर-रॅरिटन कालव्यावर अकरा वर्षं गरवतोय. इथे आलेल्या मराठी माणसाला टीव्हीवरच्या स्पर्धांमुळे लार्जमाउथ बास (मोठ्या तोंडाचा शिकारी मासा) माहीत असतो आणि तो थेट त्याच्याच मागे लागतो. पण काठावर उभं राहून मासे शिकायचे असतील तर सुरुवात पॅनफिशपासून करावी. तव्यात मावणारे मासे म्हणून पॅनफिश: ब्लूगिल, पम्पकिनसीड, क्रॅपी, यलो पर्च. ब्लूगिलची अंगलट आपल्या चिलापीसारखी, चपटी आणि उंच. गंमत म्हणजे बास आणि ब्लूगिल एकाच सनफिश कुळातले आहेत, आणि बासचं एक आवडतं खाणं म्हणजे हेच ब्लूगिल. ब्लूगिल कुठे आहे हे कळलं की बास कुठे आहे याचा अर्धा अंदाज आलेला असतो.

गळ केवढा, तोंड केवढं

एका मित्राचे वडील दापोलीहून त्याच्याकडे आले होते. काकांचं आयुष्य खाडीत गरवण्यात गेलेलं. लायसन्स काढून त्यांना मर्सर काउंटी पार्कमधल्या तळ्यावर नेलं. मित्राने दिलेल्या रॉडला बासचा मोठा गळ होता. अख्खं गांडूळ लावलं, बॉबर (दोरीला बांधलेला तरंगता गोळा) हलला, नाचला, आणि ओढल्यावर गळ मोकळा. असं सहा-सात वेळा झालं. शेवटी कसाबसा एक ब्लूगिल ओठाच्या कडेला अडकून आला. काकांनी तो ओल्या हातात धरला, गळ त्याच्या तोंडाशी नेला आणि म्हणाले, "अरे, गळ केवढा नि तोंड केवढं! आमिषाची शेपटी खाऊन जातोय तो. गळ शिरणार कुठून?"

माझ्या डबीत दहा नंबरचे लांब दांडीचे बारीक गळ होते. काकांनी गांडुळाचा नखाएवढा तुकडा तोडला, गळाचं टोक जेमतेम झाकेल इतकाच लावला, शेपटी लोंबू दिली नाही. पुढच्या तासाभरात आम्ही मासे मोजायचं सोडून दिलं.

गळांच्या नंबरांचा गोंधळ नव्या माणसाला नक्की होतो. एकपर्यंत नंबर जितका मोठा, तितका गळ लहान. दहाचा गळ सहापेक्षा बारीक. एकानंतर उलटं सुरू होतं: १/०, २/०, ३/० असे गळ मोठे होत जातात. ब्लूगिलला आठ किंवा दहा नंबर, क्रॅपीला चार ते सहा, आणि बासला मऊ रबरी किड्यासाठी १/० ते ३/०. पॅनफिशला चार पाउंडी तंगूस भरपूर झाला. दोरी जाड असली की हलकं आमिष पाण्यात नैसर्गिक बुडत नाही, ताठ दोरीला लटकल्यासारखं दिसतं, आणि नितळ पाण्यात मासा ते ओळखतो. राउंड व्हॅलीसारख्या खोल, स्वच्छ जलाशयावर हा फरक डोळ्यांनी दिसतो.

बॉबर काय सांगतोय ते वाचा

लाल-पांढरा गोल बॉबर सगळे घेतात, तोही लिंबाएवढा. ब्लूगिलने आमिष तोंडात घेतलं की त्याला त्या हवेच्या गोळ्याचा विरोध जाणवतो आणि तो आमिष थुंकून देतो. पेन्सिलीसारखा सडपातळ बॉबर घ्या. त्याच्याखाली चिमटीने दाबून बसवायची शिशाची छोटी गोळी इतकी हवी की फक्त वरचं टोक पाण्याबाहेर राहील.

बॉबर आडवा पडला असेल तर तुमचं शिसं तळाला टेकलंय, खोली कमी करा. बॉबर जागच्या जागी टुकटुक करतोय पण बुडत नाही, म्हणजे मासे आमिषाच्या कडा कुरतडतायत. आमिष लहान करा, गळ लहान करा. बॉबर न बुडता बाजूला सरकू लागला तर वाट पाहू नका, मासा आमिष घेऊन निघालाय. आणि बॉबर उलट वर उचलला जाऊन लवंडला, तर क्रॅपी असण्याची शक्यता मोठी. तो खालून वर येत खातो, त्यामुळे शिशाचा भार हलका होतो. दहा मिनिटं काहीच नाही? जागा बदलायच्या आधी खोली बदला. एकेक फुटाने.

लांब फेकण्याचा हव्यास

माझ्या मते काठावरून होणारी सगळ्यांत महागडी चूक ही. तळ्यावर आलं, धाडधाड चालत पाण्याच्या कडेला गेलं आणि पहिलाच फेका जमेल तितका लांब, तळ्याच्या मध्यात. मासे मात्र पायाशी होते. पडलेलं झाड, कमळाच्या पानांची कड, धक्क्याची सावली, पाणवनस्पतींचा शेवट, वाळू संपून दगड सुरू होतात ती रेघ: ब्लूगिल आणि बास अशा जागा धरून राहतात, कारण तिथे सावली असते, लपण असतं आणि खाणं असतं. तळ्याच्या उघड्या मध्यात यातलं काही नसतं. जमिनीवरची धपधप पाण्यात पोचते आणि तुमची सावली पाण्यावर पडली की उथळातला बास हळूच खोलात सरकतो.

काठापासून दहा-बारा फूट मागे थांबा. आधी पायापुढचं पाणी बघा. पोलराइज्ड चष्मा असेल तर पाण्यावरची चकाकी जाते आणि तळ दिसतो. रॉडनंतर पैसे घालायचेच असतील तर या चष्म्यात घाला. पहिले फेके काठाला समांतर टाका, म्हणजे आमिष पूर्ण वेळ माशांच्या पट्ट्यातून फिरतं. समोर फेकलं तर शेवटचे सहा-सात फूटच कामाचे असतात.

गाठ सुटते, दोरीचा गुंता होतो

"मोठ्ठा होता, तुटून गेला" या गोष्टीत बहुधा दोरी तुटलेली नसते, गाठ सुटलेली असते. दोरीचं टोक बघा. गुंडाळी झालेलं, डुकराच्या शेपटीसारखं वेटोळं असेल तर गाठ सरकली.

एकच गाठ शिका, पालोमार. सहा इंच दोरी दुमडून तिचा फासा गळाच्या डोळ्यातून घाला. त्या दुहेरी दोरीची साधी सैल गाठ मारा, गळ खाली लोंबता राहू द्या. आता तो फासा मोठा करून अख्ख्या गळावरून पलीकडे घाला. ओढण्याआधी गाठ जिभेवर ओली करा आणि मग दोन्ही दोऱ्या सावकाश ताणा. कोरड्या गाठीला घर्षणाची उष्णता लागून तंगूस तिथेच कमकुवत होतो. विणीच्या ब्रेडेड दोरीलाही ही गाठ धरते. दर थोड्या माशांनंतर शेवटचे दोन फूट नखांमधून ओढून पाहा. खरखर लागली तर तेवढा तुकडा कापून नवी गाठ मारा.

स्पिनिंग रीलवर दोरीला पीळ पडून गुंता होत असेल तर तीन गोष्टी तपासा. फेकल्यावर तारेची कमान हँडल फिरवून बंद करता का? ती हाताने बंद करा, मग बोटाने दोरी एकदा ताणून घ्या. स्पूल (दोरी गुंडाळलेली चाकी) काठोकाठ भरलंय का? कडेपासून पाव सेंटिमीटर, थोडंसं जास्त, मोकळं हवं. आणि मासा दोरी ओढून नेत असताना, ड्रॅग (दोरी सुटू देणारा रीलचा ब्रेक) करकरत असताना, हँडल फिरवत बसता का? तेव्हा प्रत्येक फेरीने पीळच वाढतो. बेटकास्टर रील (जिचं स्पूल फेकताना स्वतःच फिरतं) पहिल्या वर्षी घेऊच नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

बास: आमिष पाण्यात पडू द्या

बाससाठी एकच नकली आमिष सांगा म्हटलं तर मी पाच इंची मऊ रबरी किडा सांगेन, गळ त्याच्या मधोमध आडवा टोचलेला. याला वॅकी रिग म्हणतात. दिसायला अगदीच बापुडवाणं, म्हणून नवे लोक ते बाजूला ठेवतात. पण पाण्यात पडलं की त्याची दोन्ही टोकं थरथरतात आणि ते हळूहळू खाली जातं. चूक इथे होते: पडल्यापडल्या गुंडाळायला लागतात. बास बहुतेक वेळा आमिष खाली जातानाच घेतो. दोरी किंचित ढिली ठेवा आणि पाण्यावरच्या दोरीवर नजर लावा. हाताला काही जाणवणार नाही. दोरी एकदम सरळ होईल, बाजूला सरकेल, किंवा अपेक्षेआधीच बुडायची थांबेल. तीच चाहूल.

मग झटका. प्रत्येक आमिषाला झटका वेगळा, आणि इथेही पुष्कळ मासे सुटतात. ब्लूगिलला फक्त मनगटाने रॉड उचला. क्रॅपीचे ओठ कागदासारखे पातळ, जोर लावला तर फाटतात. रबरी किड्यात लपवलेल्या गळाला मात्र ढील गुंडाळून घेऊन जोराचा झटका लागतो. तिहेरी गळ असलेल्या नकली माशाला झटका नकोच, गुंडाळत राहा आणि रॉड बाजूला झुकवा. कमळपानांवरच्या रबरी बेडकावर बास उसळला की हात आपोआप उडतो. स्वतःला थांबवा, वजन जाणवेपर्यंत.

रंगांवर फार बोलण्यासारखं नाही. पाणी नितळ असेल तर हिरवट-तपकिरी, गढूळ असेल तर काळा-निळा. थंड वारा येऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी आकाश निळंशार असेल, तर आमिष लहान करा आणि चाल मंद करा.

घरट्यांचे दिवस आणि कायदा

वसंतात पाणी साठ फॅरनहाइटच्या पुढे गेलं की बास अंडी घालतो. ब्लूगिल त्यानंतर, पाणी आणखी तापल्यावर. उथळ पाण्यात थाळीसारखे गोल खड्डे शेजारी शेजारी दिसले की ती ब्लूगिलची वस्ती. प्रत्येक थाळीवर एक नर पंखांनी वारा घालत राखण करत असतो. तिथे टाकलेलं काहीही तो घेतो, म्हणून लोक बादल्या भरतात. कृपा करून असं करू नका. राखणदार नर उचलला की इतर मासे क्षणात अंडी खातात, आणि मोठे नर सतत काढले गेले की लहान नर लवकर वयात येतात, त्यांची वाढ खुंटते. मग तळ्यात चार इंची ब्लूगिलच उरतात. खायला न्यायचे तर मधल्या मापाचे न्या, मोजके न्या.

न्यू जर्सीत १५ एप्रिल ते १५ जून बास पकडला तरी लगेच सोडावा लागतो. सोळा वर्षांपासून पुढे लायसन्स लागतं, आणि भारतातून आलेल्या आई-बाबांनी "फक्त दोन मिनिटं" रॉड धरला तरी लागतं. राज्याचं नियमपत्रक दरवर्षी नवं येतं, ते फोनमध्ये ठेवा. खाण्याबाबतचा सल्लाही राज्य तळ्यानुसार देतं, तो वाचा. मोठ्या, वयस्क बासच्या मांसात पारा साठतो, म्हणून लहान मुलांना आणि गरोदर बाईला तो देऊ नये.

आणि एका तळ्यातला मासा दुसऱ्या तळ्यात नेऊन सोडू नका. उजनीत चिलापीने मूळच्या माशांचं काय केलं ते आपण पाहिलंय. जपानच्या बिवा सरोवरात २००९ साली पकडलेल्या बासने जॉर्जियातल्या १९३२ च्या २२ पाउंड ४ औंसांच्या विक्रमाची बरोबरी केली, पण त्याच जपानमध्ये हा बाहेरून आणलेला मासा स्थानिक माशांवर संकट म्हणून कायद्याच्या यादीत आहे.

सोडताना

हात आधी ओले करा. कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथे बुरशी धरते. ब्लूगिल धरताना तळवा डोक्याकडून शेपटीकडे सरकवत न्या, म्हणजे पाठीवरचे काटे मिटतात, टोचत नाहीत. लहान बास खालच्या ओठाने उभा धरला तर चालतो. तीन-चार पाउंडांचा असेल तर दुसरा हात पोटाखाली हवाच. आडवा करून नुसत्या जबड्यावर तोलला तर जबड्याला इजा होते. फोटो काढताना मी माझा श्वास रोखून धरतो. मला धाप लागली की मासा पाण्यात.

गळाचा उलटा काटा पकडीने दाबून टाका. मासाही सहज सुटतो आणि मुलांच्या बोटात गेला तरी निघतो. गळ पोटात गेला असेल तर ओढाओढ न करता दोरी तोंडाशी कापा. कापलेल्या दोरीचे तुकडे काठावर टाकू नका, बगळ्यांच्या पायात अडकतात. माझ्या पिशवीच्या बाजूच्या कप्प्यात औषधाची एक रिकामी डबी असते, तुकडे त्यात जातात. घरी आल्यावर डबी रिकामी करायची, आणि मोजे काढून पोटऱ्या, गुडघ्यामागे, केसांत टिक, म्हणजे गोचीड, नीट बघायची. इथल्या गवतात लाइम आजाराची टिक असते, आणि मुलांना ती चिकटलेली कळत नाही.