गॅस गीझर बाथरूमच्या बाहेरच हवा

बंद बाथरूममध्ये गॅस गीझर पेटला की तिथला ऑक्सिजन भराभर कमी होतो, ज्वलन अर्धवट राहतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. गॅस गळला तर वास येतो, याला वासही नाही आणि रंगही. डोकं जड होतं, मळमळतं, पाय लुळे पडतात; कडी काढायचंही त्राण उरत नाही.

म्हणून गीझर ड्राय बाल्कनीत, मोकळ्या हवेत बसवा आणि आत फक्त गरम पाण्याचा पाइप घ्या. पण ती बाल्कनी काचा लावून बंद केलेली असेल, तर धोका तसाच राहतो. एक्झॉस्ट फॅनच्या भरवशावर गीझर आत ठेवू नका. जागा बदलेपर्यंत दार उघडं ठेवून बादली भरा, गीझर बंद करा, हवा खेळू द्या, मगच आंघोळीला जा. एकामागोमाग एक आंघोळी नकोतच.

ज्योत निळी हवी. पिवळी दिसली किंवा काजळी धरली तर बर्नर साफ होईपर्यंत वापर थांबवा. सर्व्हिसिंग दरवर्षी करा. गॅसगळतीचा अलार्म हा वायू ओळखत नाही. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वेगळा घ्यावा लागतो.

आत कुणी ओ देत नसेल तर श्वास रोखून दार तोडा, माणसाला मोकळ्या हवेत आणा, 108 ला फोन करा. डॉक्टरांना गीझरचं आवर्जून सांगा, कारण बोटाला लावायचा ऑक्सिमीटर अशा वेळी आकडा चांगलाच दाखवतो.