डॅशुंडची मान आणि पाठ कशी जपावी

डॅशुंड या लांब पाठीच्या, आखूड पायांच्या कुत्र्याला होणारा मणक्यांमधील गाद्यांचा (डिस्कचा) आजार बहुतांशी आनुवंशिक असतो. या कुत्र्याच्या बाराव्या गुणसूत्रावर एफजीएफ४ या जनुकाची एक जादा प्रत असते, हे २०१७ मध्ये स्पष्ट झाले. तिच्यामुळे गादीतील मऊ गर कोवळ्या वयातच सुकतो, त्यात कॅल्शियमचे क्षार साठतात आणि एखाद्या साध्या उडीचे निमित्त होऊन तो मज्जारज्जूवर दाबला जातो. या जातीत चार-पाच कुत्र्यांमागे एकाला, बहुधा तीन ते सात वर्षांच्या वयात, हा त्रास होतो.

बहुतेक डॅशुंडमध्ये ही प्रत असतेच, त्यामुळे केवळ जनुक-चाचणीवरून पिल्लू निवडणे फारसे उपयोगाचे नाही. डेन्मार्क आणि फिनलंडमध्ये प्रजननापूर्वी एक्स-रे काढून क्षार साठलेल्या गाद्या मोजतात. आपल्याकडे निदान आई-वडिलांना पाठीचा त्रास झाला होता का, हे विक्रेत्याला स्पष्ट विचारावे.

घरात सोफ्यावरून उड्या मारू देऊ नयेत, गुळगुळीत फरशीवर सतरंजी अंथरावी, गळ्यातील पट्ट्याऐवजी छातीचा हार्नेस वापरावा आणि वजन वाढू देऊ नये. उचलताना एक हात छातीखाली व दुसरा मागच्या भागाखाली घेऊन पाठ आडवी ठेवावी. पुढच्या पायांना धरून उचलणे कटाक्षाने टाळावे.

मानेचे दुखणे सहसा उशिरा लक्षात येते, कारण कुत्रा चालत असतो. तो ताटलीपर्यंत मान खाली नेत नाही, हाक मारल्यावर डोके न वळवता फक्त डोळे फिरवतो, कधी पुढचा एक पाय उचलून धरतो. पाठीची शंका असेल तर मागचा पंजा अलगद उलटा करून त्याची वरची बाजू जमिनीला टेकवून पाहावी. निरोगी कुत्रा तो तत्काळ सरळ करतो. मान मात्र वळवून पाहू नये.

मागचे पाय लटके पडले तर सकाळची वाट न पाहता पशुवैद्यकाकडे जावे, कारण शस्त्रक्रिया करायची झाल्यास वेळेला फार महत्त्व असते. तेलाने मालिश करणे हा आपल्याकडचा आवडता उपाय येथे घातक ठरू शकतो. माणसांची वेदनाशामके तर देऊच नयेत, आणि घरात उरलेले स्टेरॉइडही स्वतःहून देऊ नये. वेदनाशामकासोबत ते पोटात गेल्यास जठरात व्रण होऊन रक्तस्राव होण्याची भीती असते. पाय लुळे पडलेल्या कुत्र्याची लघवी थेंबथेंब गळत असेल तर ती होत आहे असे समजू नये; मूत्राशय तुंबून ओसंडत असण्याची शक्यता अधिक असते.

शस्त्रक्रियेची गरज नसल्यास साधारण चार आठवडे पिंजऱ्यात विश्रांती सांगितली जाते. पिंजरा कुत्र्याला वळता आणि आडवे होता येईल इतकाच असावा, आणि बाहेर काढणे केवळ शी-शूसाठी, तेही हार्नेस लावून. औषधाने दोन-तीन दिवसांत वेदना कमी होते, कुत्रा खेळायला मागतो आणि घरच्यांना दया येते. परंतु गादीच्या गराभोवतीचे फाटलेले कडे तोवर भरून आलेले नसते, म्हणून त्याने कितीही गयावया केली तरी दार ठरलेल्या मुदतीपूर्वी उघडू नये.