एरियात गुन्हे खरंच वाढलेत का, आणि पोलिसांना हिशोब कसा विचारायचा

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाची बाईक चोरीला गेल्याचा मेसेज पडला की दोन दिवस तेच चालतं, कायदा सुव्यवस्था राहिलीच नाही, पोलीस करतात काय, सगळे हप्ते खाण्यात बिझी वगैरे, आणि तिसऱ्या दिवशी गुड मॉर्निंगचे फोटो परत चालू. यातून पोलीस स्टेशनच्या कारभारात काडीचा फरक पडत नाही. ज्यांना खरंच काही करायचंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. महाराष्ट्रापुरतं आहे, त्यातही कमिशनरेट (पोलीस आयुक्तालय) असलेली शहरं म्हणजे मुंबई, पुणे, नागपूर, ठाणे, नाशिक वगैरे डोळ्यासमोर ठेवून, जिल्ह्यातल्या लोकांनी डीसीपीच्या (पोलीस उपायुक्त) जागी एसपी (पोलीस अधीक्षक) वाचा.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या नाहीतर पुढचं सगळं उलटं पडेल. पोलिसांकडे जो आकडा असतो तो नोंदवलेल्या गुन्ह्यांचा असतो, घडलेले किती ते देवाला माहीत. आता आकडा वाढला की पेपरात बातमी येते, आमदार विधानसभेत प्रश्न विचारतात, वरचे साहेब सीनियर पीआयला, म्हणजे स्टेशनच्या प्रमुखाला, झापतात, सीनियर खाली सांगतो जरा बघून घ्या, आणि मग तुम्ही तक्रार द्यायला गेलात की ठाणे अंमलदार एनसीवर, म्हणजे नुसत्या अदखलपात्र नोंदीवर, तुमची बोळवण करतो. म्हणजे गुन्हे वाढले म्हणून ओरडणारे पण आपणच आणि तक्रार घेत नाहीत म्हणून ओरडणारे पण आपणच. म्हणून पोलिसांवर लक्ष ठेवायचं तर सुरुवात नोंदीपासून करायची, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.

तर नोंद. तक्रार घरूनच लिहून न्या, दोन प्रती, साध्या भाषेत काय झालं, कधी, कुठे, कोण होतं, काय गेलं. तोंडी सांगितलं तरी लिहून घेणं हे त्यांचंच काम आहे पण आपला कागद असला की शब्द आपले राहतात, नाहीतर "चाकू दाखवून गळ्यातली चेन ओढली" याचं "गर्दीत चेन पडली" कधी होतं कळतही नाही. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायची, म्हणजे शिक्का, तारीख, सही आणि आवक नंबर. नुसता शिक्का मारून दिला तर नंबर मागा, तो नसेल तर तुमचा कागद रजिस्टरला चढलाच नसेल अशी शक्यता धरून चाला.

मोबाइलच्या बाबतीत तर फारच होतं हे. मोबाइल हिसकावून नेला तरी "गहाळ"चा दाखला देतात, आपल्याला पण सिम बंद करायला आणि इन्शुरन्सला कागद हवा असतो म्हणून आपण घेऊन निघतो, आणि एक जबरी चोरी आकड्यातून गायब. हरवला असेल तर हरवला म्हणा, हिसकावला असेल तर गहाळच्या कागदावर सही करू नका.

"ही आमची हद्द नाही" हे दुसरं पेटंट उत्तर. १ जुलै २०२४ पासून जी नवीन भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली तिच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट आहे की गुन्हा कुठेही घडलेला असो, दखलपात्र (म्हणजे ज्यात पोलीस कोर्टाच्या हुकमाशिवाय तपास करू शकतात) असेल तर माहिती घ्यायचीच, यालाच झिरो एफआयआर म्हणतात, पुढे तो योग्य स्टेशनला वर्ग करणं हे त्यांचं काम. ईमेलने वगैरे तक्रार पाठवली तरी चालते पण तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते, ते विसरू नका. एफआयआरची कॉपी फुकट मिळते. आणि दखलपात्र गुन्ह्यात एफआयआर घ्यायचीच हे सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने २०१३ मध्ये ललिता कुमारी केसमध्ये सांगून ठेवलंय. एक फाटा आहे, तीन वर्षं किंवा जास्त पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षा असलेल्या गुन्ह्यात डीवायएसपी दर्जाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीने चौदा दिवसांपर्यंत प्राथमिक चौकशी करता येते, त्यामुळे "चौकशी चालू आहे" हे उत्तर प्रत्येक वेळी खोटं असतं असं नाही, फक्त परवानगी घेतली का आणि कुठल्या तारखेपासून चौदा दिवस मोजायचे ते लेखी विचारा.

तरीही घेत नाहीत? तर भांडत बसू नका, तिथून निघा आणि तोच मजकूर स्पीड पोस्टने डीसीपींना पाठवा, सोबत ईमेल, आणि पावती जपून ठेवा. कलम १७३(४) मध्ये हीच पायरी दिलीये. त्यानेही हललं नाही तर प्रतिज्ञापत्र जोडून मॅजिस्ट्रेटकडे अर्ज, इथे वकील घ्या, आणि इथेच मागच्या सगळ्या पावत्या लागतात. पोलीस स्टेशन आणि डीसीपी या पायऱ्या न चढता थेट कोर्टात गेलात तर पहिला प्रश्न तोच येणार. एफआयआर झाल्यावर पण गप्प बसू नका, तपास कुठवर आला ते नव्वद दिवसांच्या आत तक्रारदाराला कळवायचं असं कलम १९३ मध्ये आहे, बहुतेकांना माहीतच नसतं त्यामुळे कोणी मागत नाही आणि मागत नाही म्हणून कोणी देत नाही.

आता दुसरा भाग, पोलिसांनीच काही चुकीचं केलं तर. मारहाण, पैसे मागणं, विनाकारण बसवून ठेवणं. इथे सगळ्यात आधी सीसीटीव्ही. डिसेंबर २०२० मध्ये परमवीर सिंग सैनी केसमध्ये सुप्रीम कोर्टाने प्रत्येक पोलीस स्टेशनला कॅमेरे बसवायला सांगितलं, लॉकअप, व्हरांडे, येण्याजाण्याचे रस्ते, निरीक्षकाची खोली सगळीकडे, आवाजासकट, आणि रेकॉर्डिंग अठरा महिने ठेवायचं, तेवढं जमत नसेल तर निदान एक वर्ष. प्रत्यक्षात "डीव्हीआर बंद होता" हे ऐकायची तयारी ठेवा. म्हणून घटना झाल्याच्या दुसऱ्या दिवशीच लेखी अर्ज टाका की अमुक तारखेचं अमुक ते अमुक वेळेतलं फुटेज जपून ठेवा, प्रत डीसीपींना. मग पुढे फुटेज नाही म्हणाले तर ते का नाही याचं उत्तर त्यांना द्यावं लागतं. कॅमेरे किती महत्त्वाचे आहेत ते बघायचं तर सांगलीचं २०१७ चं प्रकरण आठवा, कोठडीत माणूस मेला आणि पोलिसांनी तो पळून गेला म्हणून सांगितलं, बॉडी आंबोलीत नेऊन जाळली होती.

स्वतःच्या मोबाइलवर शूटिंग करावं का, हा प्रश्न नेहमी येतो. मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये सांगितलंय की पोलीस स्टेशन हे ऑफिशियल सीक्रेट्स ॲक्टमधलं "प्रतिबंधित ठिकाण" नाही, त्यामुळे त्या कायद्याची धमकी दिली तर घाबरू नका. पण म्हणून तोंडासमोर मोबाइल नाचवत जाऊ नका, सरकारी कामात अडथळा वगैरे लावायला निमित्त मिळतं.

तक्रार कुठे करायची तर पैसे मागितले असतील तर अँटी करप्शनचा १०६४, आणि पैसे देण्याआधी फोन करायचा, सापळा लावायला वेळ लागतो. मानवी हक्कांचा विषय असेल तर राज्य मानवी हक्क आयोग, फी नाही, वकील सक्तीचा नाही, पण घटनेला एक वर्ष उलटलं की ते घेत नाहीत. आणि तिसरी जागा जी खास याच कामासाठी आहे आणि जिचं नाव दहातल्या नऊ जणांनी ऐकलेलं नसतं ती म्हणजे पोलीस तक्रार प्राधिकरण.

त्याची थोडी गोष्ट सांगतो. २२ सप्टेंबर २००६ ला प्रकाश सिंह केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सगळ्या राज्यांना पोलीस सुधारणांचे सात आदेश दिले, त्यातला एक हा होता की पोलिसांविरुद्धच्या तक्रारी बघायला पोलीस खात्याबाहेरची यंत्रणा हवी. आपल्याकडे २०१४ मध्ये महाराष्ट्र पोलीस कायद्यात दुरुस्ती होऊन ती आली, म्हणजे आठ वर्षं नुसता कायदा यायला, काम सुरू व्हायला अजून वेळ गेला ते वेगळंच. राज्याच्या प्राधिकरणाचे अध्यक्ष हायकोर्टाचे निवृत्त न्यायाधीश असतात, आणि महसुली विभागांसाठी विभागीय प्राधिकरणांची तरतूद आहे. कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार किंवा तसा प्रयत्न, नियम न पाळता अटक, भ्रष्टाचार, खंडणी, जमीन किंवा घर बळकावणं, अशा गंभीर गोष्टींसाठी हे आहे. "हवालदार उद्धट बोलला" हे तिथे नेऊ नका, त्यासाठी डीसीपी ऑफिस पुरे. आणि अपेक्षा पण बेताची ठेवा, प्राधिकरण स्वतः कोणाला सस्पेंड करत नाही, चौकशी करून शिफारस करतं. सुप्रीम कोर्टाला यापेक्षा जास्त दात असलेली यंत्रणा हवी होती. न्यूयॉर्कमध्ये तर पोलिसाचं नाव टाकलं की त्याच्यावरच्या तक्रारी ऑनलाइन दिसतात, आपल्याकडे आपल्या स्वतःच्या तक्रारीचं काय झालं ते कळलं तरी नशीब. पण तरी करायची, कारण निवृत्त न्यायाधीशांच्या सहीची नोटीस स्टेशनला आली की फाइल हलते, आणि अर्धवट कागद असले तर तीच फाइल परत तुमच्याकडे येते.

आता आकडे, मला स्वतःला यात जास्त मजा येते.

सगळ्यात सोपं म्हणजे महाराष्ट्र पोलिसांचं सिटिझन पोर्टल, तिथे प्रकाशित एफआयआर बघता येतात, जिल्हा किंवा कमिशनरेट आणि पोलीस स्टेशन निवडा, तारीख टाका. सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्ये २४ तासांत एफआयआर अपलोड करायला सांगितलंय, लैंगिक गुन्हे, दहशतवाद वगैरे संवेदनशील सोडून. दर आठवड्याला दहा मिनिटं बसून एका एक्सेल शीटमध्ये तारीख, कलम, ठिकाण एवढंच टाकत गेलात तर सहा महिन्यांत तुमच्या हद्दीचं जे चित्र दिसतं ते ग्रुपवरच्या कुठल्याही चर्चेपेक्षा बरं असतं. तक्रारदारांची नावं पत्ते मात्र शीटमध्ये घेऊ नका आणि ग्रुपवर तर अजिबातच टाकू नका.

मागच्या वर्षांचं हवं असेल तर माहिती अधिकार. दहा रुपये, ऑनलाइन होतं, पण महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत लागतो त्यामुळे पाल्हाळ नको. असं लिहा: "अमुक पोलीस ठाण्यात मागील तीन वर्षांत घरफोडी (दिवसा), घरफोडी (रात्री), जबरी चोरी, वाहन चोरी व फसवणूक या शीर्षांखाली महिनानिहाय दाखल व उघड गुन्ह्यांची संख्या, तसेच त्याच काळातील अदखलपात्र नोंदी व मोबाइल गहाळ नोंदींची महिनानिहाय संख्या मिळावी." उघड म्हणजे छडा लागलेले. शेवटचा तुकडा महत्त्वाचा आहे. जबरी चोरी कमी झाली आणि गहाळ दुप्पट झाले असं दिसलं तर लोकांचे हात अचानक ढिले झाले की नोंद बदलली हा प्रश्न विचारायला जागा मिळते. संख्या मागा, केसचे तपशील मागू नका, तपासात अडथळा येतो म्हणून कलम ८ दाखवून नाकारतील. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील.

एनसीआरबीचा, म्हणजे देशभरचे गुन्ह्यांचे आकडे गोळा करणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेचा, "क्राइम इन इंडिया" रिपोर्ट पण बघा पण जपून. एक तर तो शिळा असतो, २०२३ चा रिपोर्ट २०२५ च्या सप्टेंबरअखेर आला. दुसरं, एका एफआयआरमध्ये पाच कलमं असली तरी सगळ्यात गंभीर एकच मोजलं जातं, म्हणजे खून आणि चोरी एकत्र असेल तर तो खुनात जातो, चोरीत दिसत नाही. तिसरं, मोठ्या शहरांचा दर लाख लोकसंख्येचा रेट ते २०११ च्या जनगणनेवर काढतात, आता पुण्यात २०११ नंतर किती माणसं आली ते हिंजवडीच्या ट्रॅफिकला विचारा. गुन्हे आजचे आणि माणसं २०११ ची, रेट फुगणारच.

हद्दीचा पण घोळ असतो. पिंपरी-चिंचवड कमिशनरेट २०१८ ला वेगळं झालं, त्यामुळे पुणे शहराचा २०१७ आणि २०१९ चा आकडा शेजारी ठेवून "गुन्हे घटले" म्हणणारा एकतर अजाण आहे किंवा लबाड. मिरा-भाईंदर वसई-विरार २०२० ला झालं, तिथेही तेच. आणि २०२० हे वर्ष तर बेस म्हणून वापरूच नका, देशात एकूण गुन्हे २८ टक्के वाढलेले दिसतात कारण लॉकडाऊन मोडल्याचे तेव्हाच्या भारतीय दंड संहितेच्या कलम १८८ (सरकारी आदेश मोडणं) खाली ढीगभर गुन्हे दाखल झाले, चोऱ्या उलट कमी झाल्या होत्या कारण सगळे घरीच.

महिन्याच्या उड्या पण बघू नका. स्टेशनला महिन्याला चार घरफोड्या होत असतील आणि एका महिन्यात सात झाल्या तर एखादी टोळी येऊन गेली असेल, ट्रेंड नाही तो. गेल्या वर्षीच्या त्याच तीन महिन्यांशी तुलना करा, दिवाळी आणि मे महिन्याच्या सुट्टीत घरं बंद असतात हे लक्षात ठेवून. खुनाचा आणि वाहन चोरीचा आकडा त्यातल्या त्यात भरवशाचा, एकात बॉडी असते आणि दुसऱ्यात इन्शुरन्स, दोन्ही दाबायला अवघड. फसवणूक आणि छेडछाडीचा आकडा वाढला तर मी लगेच वाईट समजत नाही, लोक तक्रार द्यायला येतायत आणि ती घेतली जातेय असाही अर्थ असतो.

हे सगळं घेऊन जायचं कुठे तर शांतता समिती, मोहल्ला कमिटी, महिला दक्षता समिती, जी काही तुमच्या स्टेशनला असेल तिथे. भिवंडीत १९८४ ला भयानक दंगल झाली होती, नंतर सुरेश खोपडे डीसीपी असताना तिथे मोहल्ला कमिट्या चालवल्या आणि ९२-९३ ला मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली, तेव्हा या कमिट्या म्हणजे नुसता चहा बिस्किटं असं समजू नका. हां, बऱ्याच ठिकाणी आता तसंच झालंय, गणपतीच्या आधी एक मीटिंग, मंडळांचे अध्यक्ष, हारतुरे, फोटो, संपलं. तिथे नाव नसेल तर सीनियर पीआयची वेळ घेऊन चार-पाच जण जा, एकटे नको, पक्षाचा माणूस तर अजिबात नको नाहीतर विषय तिकडे जातो.

आणि बसल्यावर "गुन्हे का वाढले" असं विचारू नका, त्याने समोरचा लगेच बचावात जातो आणि पुढच्या महिन्यात खरंच आकडा कमी करून दाखवतो, कसा ते वर आलंच. त्याऐवजी विचारा की गेल्या तीन महिन्यांत किती घरफोड्या उघड झाल्या, माल किती परत मिळाला, रात्रीची गस्त कुठल्या पॉइंटला कितीला येते, नव्वद दिवसांची माहिती तक्रारदारांना कशी कळवता, सीसीटीव्ही सगळे चालू आहेत का, सायबरची तक्रार १९३० वर केल्यावर तुमच्याकडे परत यावं लागतं का. काय ठरलं ते घरी येऊन अर्ध्या पानात लिहा आणि त्याच संध्याकाळी स्टेशनच्या अधिकृत ईमेलवर पाठवा, "आज झालेल्या चर्चेनुसार" असं सुरू करून, प्रत डीसीपींना. सीनियर पीआयची दोन-तीन वर्षांत बदली होते, नवीन येणाऱ्याला तुम्ही कोण हे माहीत नसतं, पण तो मेल त्याच इनबॉक्समध्ये असतो.