सल्ला देण्याची घाई सुटायला दोन वर्षं लागली

मैत्रिणी आपलं दुःख घेऊन माझ्याकडे यायच्या, म्हणून मी मानसशास्त्र घेतलं. या शाखेत येणाऱ्या पुष्कळ जणांचं कारण हेच असतं. पहिल्याच सत्रात समोर आलं संख्याशास्त्र: मध्यमान म्हणजे सरासरी, प्रमाण विचलन म्हणजे आकडे सरासरीपासून किती विखुरलेत त्याचं माप, सहसंबंध म्हणजे दोन गोष्टी एकमेकींसोबत किती बदलतात ते. नव्याने येणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, हा विषय पास होण्यापुरता करू नका. प्रचलित बुद्धिमापन चाचण्यांत सरासरी 100 आणि प्रमाण विचलन 15 धरलेलं असतं. हे पक्कं समजलेलं असेल, तरच 92 गुणांनी हादरलेल्या आईवडिलांना तुम्ही सांगू शकाल की हा आकडा सरासरीच्या पट्ट्यातच बसतो. पाठ्यपुस्तकातला प्रत्येक प्रयोग खरा मानायची सवयही त्यामुळेच सुटते. 2015 साली 100 मानसशास्त्रीय अभ्यास नव्याने करून पाहिल्याचं प्रसिद्ध झालं आणि मूळ निष्कर्ष चाळीस टक्क्यांहूनही कमी अभ्यासांत पुन्हा मिळाला.

मानसशास्त्राची पहिली मानली जाणारी, वुंटची 1879 सालची जर्मनीतल्या लाइपझिगमधली प्रयोगशाळा वगैरे इतिहास वाचून होतो. मनोविकारांचा भाग शिकताना मात्र सांभाळा. प्रत्येक लक्षण स्वतःत आणि घरच्यांत दिसायला लागतं. कुणालाही निदान चिकटवू नका.

समुपदेशनाच्या तासाला तिघांचे गट करतात: एक समुपदेशक, एक मदत मागणारा, एक निरीक्षक. मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्सने 1957 साली मांडलेल्या समानुभूती, विनाअट स्वीकार आणि सच्चेपणा या गोष्टी मला तोंडपाठ होत्या. तरी क्षेत्रकार्यात, म्हणजे प्रत्यक्ष लोकांना भेटून करायच्या कामात, पहिल्याच भेटीत चुकले. नवरा गेल्यापासून झोप लागत नाही, असं एक बाई सांगत होत्या. मी लगेच म्हणाले, "वेळ जाईल तसं सगळं ठीक होईल." त्या गप्प झाल्या.

भेटीनंतर प्रोसेस रेकॉर्डिंग लिहायचं असतं. त्या काय म्हणाल्या, मी काय म्हणाले, तेव्हा मला आतून काय वाटलं, सगळं आठवेल तितकं शब्दशः. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी माझ्या त्या वाक्याखाली रेघ मारली आणि विचारलं, "हे वाक्य कुणाला हवं होतं?" उत्तर द्यायला मला वेळ लागला. ते मला हवं होतं. त्या बाईंचं रडणं मला सोसवत नव्हतं. या एका प्रश्नाने मला जेवढं शिकवलं तेवढं कुठल्याच पेपरने शिकवलं नाही. म्हणून सांगते, रेकॉर्डिंग त्याच दिवशी लिहा, नावं बदलून लिहा आणि आपली चूक गाळू नका.

समाजकार्याच्या अभ्यासाने नजर समुपदेशनाच्या खोलीबाहेर नेली. मुलगा शाळेत झोपतो, हे ऐकलं की माझ्या मनात आधी लक्ष, मनःस्थिती, झोपेच्या सवयी असे शब्द यायचे. समाजकार्य विचारतं: रात्री धाकट्या भावंडांना कोण सांभाळतं? आई कितव्या पाळीला जाते? घर, शाळा, नातेवाईक, दवाखाना यांच्याशी त्या मुलाचे धागे घट्ट आहेत की तुटलेले, हे एका कागदावर काढतात, त्याला इकोमॅप म्हणतात. पहिला इकोमॅप काढला तेव्हा कागदावर सगळ्यात एकटी त्याची आई दिसली. समाजकार्याचा पाया घालणाऱ्यांपैकी एक, जेन अॅडम्स, 1889 साली शिकागोच्या गरीब वस्तीतच राहायला का गेली असेल, ते मला त्या दिवशी उमगलं.

गोपनीयतेचं वचन देताना तिची मर्यादाही पहिल्याच भेटीत सांगा: कुणाच्या जिवाला धोका असेल तर मला गप्प राहता येणार नाही. हे बोलायला जड जातं, आधी मोठ्याने म्हणून सराव करा.

नुसत्या पदवीवर बहुतेक ठिकाणी स्वतंत्रपणे उपचार करता येत नाहीत. पुढचं शिक्षण, देखरेखीखालचे कामाचे तास आणि नोंदणी यांचे नियम जागोजागी वेगळे असतात. प्रवेश घेण्याआधी ते बघा. शिवाय महाविद्यालयाला विचारा: क्षेत्रकार्य आठवड्यातून किती दिवस, एका मार्गदर्शकाकडे विद्यार्थी किती, आणि रेकॉर्डिंग वाचून समोर बसून बोलायला त्यांना दर आठवड्याला वेळ असतो का.